उंदराचे कोलेस्टेरॉल उतरले, म्हणून माणसाचेही उतरेल?

काचपात्र (धागालेखक):
वनौषधींनी कोलेस्टेरॉल उतरते असे सांगणारे बरेच शोधनिबंध उंदरांवरच्या प्रयोगांवर उभे असतात. माझा आक्षेप वनस्पतीला नाही, उंदराला आहे. त्याच्या रक्तातले बहुतांश कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये (‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलमध्ये) असते, ते एलडीएलकडे (‘वाईट’ कोलेस्टेरॉलकडे) वळवणारे सीईटीपी हे प्रथिन त्याच्याकडे नसते आणि नुसते कोलेस्टेरॉल खाऊ घातल्याने त्याची पातळी फारशी हलत नाही; म्हणून खाद्यात कोलिक आम्ल (कोलेस्टेरॉलचे शोषण वाढवणारे पित्ताम्ल) आणि प्रसंगी थायरॉइडला दाबणारे थायोयुरॅसिलही मिसळावे लागते. असा ओढूनताणून आणलेला आजार अर्काने उतरला, तर त्या अर्काने आजारावर काम केले की फक्त कोलिक आम्लाचे शोषण अडवले, हे कसे ठरवायचे?

रानमूळ:
साफ असहमत. उंदीर खोटा साक्षीदार असेल, तर तो औषधांच्या बाबतीतही खोटाच ठरतो. जपानी संशोधक अकिरा एन्डो यांना बुरशीतून मिळालेल्या कॉम्पॅक्टिनने उंदरांचे कोलेस्टेरॉल उतरेना. ते उतरले कोंबड्यांमध्ये आणि नंतर कुत्र्यांमध्ये. उंदराचाच कौल मानला असता, तर पहिले स्टॅटिन (आज सर्रास दिल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलविरोधी औषधांच्या गटातले पहिले) तिथेच बाद झाले असते. शिवाय लाल यीस्टच्या तांदळातले मोनाकोलिन के आणि गोळीतले लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिन हा एकच रेणू आहे, तेव्हा वनौषधी आणि औषध यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी जाड नाही.

ससेहोलपट:
मग ससा घ्या. (नावामुळे मला पक्षपाती म्हणाल, पण असो.) रशियन संशोधक आनिच्कोव्ह यांनी १९१३ मध्ये सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर दाखवले, आणि सशात सीईटीपी असते. तरीही ससा निर्णायक नाहीच. गुग्गुळाने सशांमध्ये आशा दाखवली होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १०३ जणांवरच्या आठ आठवड्यांच्या चाचणीत मात्र गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल चार-पाच टक्क्यांनी वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले.

काचपात्र:
मात्रेचाही हिशेब करून पाहा. उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर शरीराच्या पृष्ठफळानुसार ६.२ ने भागून माणसासाठी किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम येतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज जवळजवळ चार ग्रॅम सुका अर्क. त्यासाठी मूळ वनस्पती किती लागेल, याचा उल्लेख निष्कर्षात क्वचितच असतो.

रानमूळ:
चार ग्रॅम हे काही अशक्यातले नव्हे. इसबगोल रोज दहा ग्रॅमच्या आसपास घेतात आणि माणसांवरच्या चाचण्यांतही त्याने एलडीएल थोडे उतरते.

काचपात्र:
इसबगोल आतड्यात राहून पित्ताम्लांना धरून ठेवते, रक्तात शिरत नाही, म्हणून ते मला मान्य आहे. ज्या अर्कातले घटकच ठाऊक नाहीत, तो चार ग्रॅम यकृतातून जाणार असेल, तर कोलेस्टेरॉलच्या तक्त्याआधी मी त्या उंदरांचे एएलटी आणि एएसटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारी विकरे) यांचे आकडे मागेन.