मदत हवी आहे: बेडसोअर आणि वॉर्डातलं ट्रेनिंग

नमस्कार मंडळी. मी मेडिसिन वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. आमच्याकडे पॅरालिसिसचे पेशंट आठवडेच्या आठवडे पडून असतात आणि माकडहाडापाशी, टाचांना जखमा होतात. दर 2 तासांनी कूस बदलायची हे सगळ्यांना पाठ आहे. चार्टवर सह्याही चोख असतात, इतक्या चोख की परवा पहाटे 4 ची सही मला रात्री 2 वाजताच दिसली!

ओरडून काय उपयोग? रात्री 40 पेशंटांमागे दोघीच असतात. म्हणून ब्रेडन स्केल, म्हणजे कुणाला बेडसोअर व्हायचा धोका किती हे गुणांनी मोजायची पद्धत, सुरू करायचंय. 6 ते 23 गुण, जितके कमी तितका धोका जास्त. ज्याचे कमी त्याच्याकडे आधी बघायचं. लेक्चर नकोच. खाटेपाशी 10 मिनिटं, मावशींना आणि नातेवाइकांनाही सोबत घेऊन.

कुणी हे केलंय का? सोप्या मराठीतला तक्ता आहे का कुणाकडे? शिवाय ट्रेनिंगआधीचे आणि नंतरचे 3-3 महिने ताडून पेपर लिहायचा विचार आहे. एथिक्स कमिटीकडे नोंदी सुरू करण्याआधीच जायचंय, तर अर्जात काय काय लिहिलंत? आणि पेशंट शुद्धीवर नसेल तर जखमेच्या फोटोसाठी संमती कुणाची घेता?