बर्कली विद्यापीठ : भाषणाचं स्वातंत्र्य की फक्त भाषणाची जागा?

(उंबरठा, सनद, कलम एक, पायरी आणि टिपणवही या टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा)

उंबरठा

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचं नाव निघालं की १९६४ची 'फ्री स्पीच' चळवळ आणि पोलीसगाडीच्या टपावर चढलेला विद्यार्थी नेता मारिओ सॅव्हिओ आठवतो. पण ते भांडण विचारांवरून सुरू झालं नव्हतं, २६ फूट रुंद विटांच्या पदपथावरून झालं होतं. माझा सगळा मुद्दा त्या पदपथात आहे.

रॉबर्ट स्प्राउल अध्यक्ष होते (१९३० ते १९५८) तेव्हा आवारात राजकीय वक्त्यांना बंदी होती. १९५६ साली राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार अडलाय स्टीव्हन्सन यांनाही आवाराच्या कडेला रस्त्यावरून बोलावं लागलं. त्यामुळे विद्यार्थ्यांची भाषणं, टेबलं, वर्गणीचे डबे सॅदर गेटच्या बाहेर, म्हणजे शहराच्या हद्दीत असायचे. पुढे विद्यापीठाने गेटबाहेरची जमीन घेतली, आवार बॅन्क्रॉफ्ट वेपर्यंत वाढलं आणि टेबलं बॅन्क्रॉफ्ट-टेलिग्राफच्या कोपऱ्यावर सरकली. तो पदपथ नगरपालिकेचा आहे असं सगळेच धरून चालले होते. विद्यार्थी टेबलासाठी परवानगी शहराकडूनच घ्यायचे. १९५९मध्ये रीजंट्सनी, म्हणजे विद्यापीठाच्या नियामक मंडळाने, ती पट्टी शहराला देऊन टाकायचं ठरवलंही होतं. पण दस्त झालाच नाही.

१४ सप्टेंबर १९६४ला डीन कॅथरीन टाऊल यांचं पत्र निघालं : ही पट्टी विद्यापीठाची आहे, २१ तारखेपासून इथे राजकीय टेबलं, वर्गणी, सभासदनोंदणी बंद. सुरुवातीला रहदारीच्या अडथळ्याचं कारण पुढे आलं. विद्यार्थी त्यावर तोडगा काढायला तयार होते. मग २१ तारखेला भूमिका बदलली : माहिती द्या, पण प्रचार करू नका. 'मिसिसिपीत काळ्यांना मतदान करू देत नाहीत' हे चालेल. 'चला, त्याविरुद्ध धरणं धरू' हे चालणार नाही.

सात दिवसांत रहदारीचा नियम आशयाचा नियम झाला. बर्कलीत गळचेपी बहुतेक वेळा अशीच आली आहे, टेबलाची जागा, सभेची वेळ आणि बंदोबस्ताचं बिल यांच्या आडून. म्हणून माझं म्हणणं असं : सार्वजनिक विद्यापीठाला वक्ता कोण आहे ते पाहून जागा, वेळ किंवा शुल्क बदलण्याचा अधिकार अजिबात नसावा, आणि बंदोबस्ताचा पूर्ण खर्च विद्यापीठाने सोसावा.

सनद

इतिहास बरोबर मांडलात, निष्कर्ष उलटा काढलात.

चळवळ जिंकली ती ८ डिसेंबर १९६४ला, प्राध्यापकांच्या ॲकॅडेमिक सेनेटमध्ये, ८२४ विरुद्ध ११५ मतांनी. त्या ठरावाची दोन अंगं आहेत. आशयावर विद्यापीठाने बंधन घालायचं नाही, हे पहिलं. वेळ, जागा आणि पद्धत यांचे वाजवी नियम करता येतील, म्हणजे विद्यापीठाचं रोजचं काम अडणार नाही, हे दुसरं. आज सगळे पहिलं अंग सांगतात आणि दुसरं गाळतात. जानेवारी १९६५मध्ये मार्टिन मेयरसन हंगामी चान्सेलर, म्हणजे बर्कली आवाराचे प्रमुख, झाले आणि स्प्राउल हॉल या प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्या ठरावीक वेळेत सभांसाठी मोकळ्या झाल्या. ही सोय म्हणजे जागेचा आणि वेळेचा नियमच. तोच नियम सगळ्यांना सारखा असल्यामुळे त्या पायऱ्या आजवर टिकल्या.

आता खर्च. सप्टेंबर २०१७मध्ये उजव्या विचारांचे भाष्यकार बेन शपिरो यांच्या एका संध्याकाळच्या भाषणाला सुमारे ६ लाख डॉलरचा बंदोबस्त लागला. त्याच महिन्यात तशाच विचारांचे वादग्रस्त वक्ते मायलो यिआनोपोलस यांचा 'फ्री स्पीच वीक' ऐन वेळी संयोजक विद्यार्थ्यांनीच मागे घेतला. तरी ते आले, पाव तासाच्या आसपास बोलले आणि गेले. त्या दिवसाची तयारी सुमारे ८ लाख डॉलरची होती. ऑगस्ट-सप्टेंबर मिळून हा आकडा ४० लाखांच्या घरात गेला. त्याच्या आदल्याच वर्षी विद्यापीठाने १५ कोटी डॉलरची तूट जाहीर केली होती. तुमच्या नियमाने बाहेरचा कोणीही प्रसिद्ध माणूस चार विद्यार्थ्यांच्या संघटनेला हाताशी धरून तिजोरी रिकामी करू शकतो. हे पैसे शेवटी ग्रंथपालाच्या आणि शिकवणी साहाय्यकाच्या पगारातून जातात.

उंबरठा

तिजोरीचा मुद्दा खरा आहे, झटकून टाकणार नाही. पण 'सगळ्यांना सारखा नियम' २०१७मध्ये कुठे होता? उजव्या भाष्यकार ॲन कोल्टर यांच्या ठरलेल्या भाषणाच्या वेळी 'हाय-प्रोफाइल' वक्त्यांसाठी वेगळं धोरण पुढे आलं आणि कार्यक्रम दुपारी ३च्या आत संपवायची अट आली. दुपारी ३ला विद्यार्थी तासाला असतात. शिवाय 'हाय-प्रोफाइल' कोणाला म्हणायचं हे लेखी कुठेच नव्हतं, ठरवणार होते अधिकारी. १९६४च्या पदपथात आणि यात मला फरक दिसत नाही.

कलम एक

दोघांच्या मध्ये कायदा आहे, तो नीट पाहू.

बर्कली सार्वजनिक विद्यापीठ असल्याने अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती, म्हणजे भाषणस्वातंत्र्याची हमी, त्याला थेट लागू होते. शुल्काबद्दल निर्णायक निकाल आहे १९९२चा, फोर्सिथ काउंटीचा. मोर्चाचं शुल्क, लोक किती चिडतील याच्या अंदाजावर ठरवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. कारण सोपं आहे : चिडणारे जितके जास्त तितकं शुल्क जास्त, म्हणजे नावडत्या मताला दंड.

पण 'शुल्कच नको' असं त्या निकालात नाही. चालतात ते निकष असे : अपेक्षित गर्दी, सभागृहाची क्षमता, तिकीटविक्री आहे का, दारू आहे का, कार्यक्रम किती वाजता संपतो. चालत नाहीत ते : वक्ता काय बोलणार, त्याला किती विरोध होईल, गेल्या वेळी दंगल झाली होती का. पहिल्या यादीतल्या प्रश्नांची उत्तरं संयोजकाच्या हातात असतात. दुसऱ्या यादीतली त्याच्या विरोधकांच्या हातात. एवढी कसोटी लावली तरी बहुतेक नियमांचा खरा हेतू कळतो.

कोल्टर प्रकरणात विद्यार्थी रिपब्लिकन संघटना आणि यंग अमेरिकाज फाउंडेशन कोर्टात गेले. डिसेंबर २०१८मध्ये तडजोड झाली : विद्यापीठाने वकिलांच्या खर्चापोटी ७० हजार डॉलर दिले, 'हाय-प्रोफाइल' धोरण सोडलं आणि बंदोबस्ताच्या शुल्काचं ठरलेलं पत्रक मान्य केलं. उंबरठा, तुमचा अर्धा मुद्दा इथे मान्य झालेला आहे. उरलेला अर्धा, सगळा खर्च विद्यापीठाचा, हा कायद्याने येत नाही. तो धोरण म्हणून मागावा लागेल.

नेहमी चुकतं ते क्रमात. अर्ज आधी येतो, मग अधिकारी वक्त्याचं नाव बघतात आणि त्यानंतर नियम शोधतात किंवा नवा लिहितात. नियम चांगला असला तरी या क्रमाने आला की कोर्टात तो संशयास्पद ठरतो.

पायरी

निदर्शकांबद्दल इथे कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. १ फेब्रुवारी २०१७ला मायलो यांचा कार्यक्रम उधळला तेव्हा सुमारे दीड हजार लोक शांतपणे निदर्शनं करत होते. जाळपोळ आणि तोडफोड केली ती चेहरे झाकून आलेल्या सुमारे दीडशे जणांनी. स्टुडंट युनियनचं सुमारे एक लाख डॉलरचं नुकसान झालं. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी निधी बंद करण्याची धमकी दिली ती मात्र आख्ख्या विद्यापीठाला. त्या दीड हजारांचं बोलणं कोणी ऐकलं?

निमंत्रित वक्त्याकडे ध्वनिक्षेपक, सभागृह, पोलीस असतात. बाहेर उभ्या विद्यार्थ्याकडे फक्त आवाज असतो. सभागृहात ओरडणं हेही भाषणच आहे. १९८३मध्ये राजदूत जीन कर्कपॅट्रिक यांच्या सभेत घोषणा झाल्या, त्या एल साल्वादोरबद्दलच्या अमेरिकी धोरणाविरुद्ध होत्या. त्यांना निव्वळ गोंधळ म्हणणं अन्याय आहे.

सनद

घोषणा द्या, पाठ फिरवून उभे राहा, फलक धरा, सभात्याग करा, बाहेर दुप्पट मोठी सभा घ्या. या सगळ्याच्या बाजूने मी उभा राहीन. पण भाषण पुढे जाऊच न देणं म्हणजे उत्तर नव्हे. ते ऐकायला आलेल्यांच्या वतीने परस्पर घेतलेला निर्णय आहे. कॅलिफोर्नियात सभा उधळणं हा गुन्हा आहे. २०१०मध्ये याच विद्यापीठ-समूहाच्या अर्व्हाइन आवारात इस्रायली राजदूत मायकल ओरेन यांचं भाषण विद्यार्थी ठरवून एकामागून एक उठून अडवत राहिले. पुढच्या वर्षी त्यांतले दहा जण दोषी ठरले. शिक्षा कडक होती का, यावर वाद होऊ शकतो, आणि मला फौजदारी खटला चुकीचाच वाटतो. शिस्तभंगाची कारवाई पुरेशी होती. पण फेब्रुवारी २०२४मध्ये बर्कलीच्या झेलरबाख प्लेहाउसची काच फुटली, दार तोडलं गेलं, एका इस्रायली वक्त्याचा कार्यक्रम रद्द करून श्रोत्यांना बाहेर काढावं लागलं. त्याला भाषण कसं म्हणणार?

पायरी

काच फोडण्याचं समर्थन मी केलेलं नाही. पण १९६४ला सॅव्हिओ आणि हजारावर विद्यार्थी स्प्राउल हॉलमध्ये घुसून बसले, तेही नियमबाह्यच होतं. सुमारे आठशे जणांना अटक झाली. आज पायऱ्यांना सॅव्हिओचं नाव आहे. नियम मोडणाऱ्यांचा गौरव करायला विद्यापीठाला तेहेतीस वर्षं लागली, १९९७ उजाडलं.

कलम एक

पायरी, ही तुलना करताना नोव्हेंबर १९६४ वगळू नका, कारण धरणं त्यातूनच आलं. विद्यार्थ्यांनी पोलीसगाडी ३२ तास अडवून धरल्यावर २ ऑक्टोबरला अध्यक्ष क्लार्क कर यांच्याशी करार झाला. वाटाघाटी चालू राहिल्या. २० नोव्हेंबरला रीजंट्सनी बरंच काही मान्य केलं, एक गोष्ट सोडून : आवारात बोलून बाहेरच्या बेकायदा कृतीला प्रोत्साहन दिलं तर शिक्षा. त्या काळात हॉटेलात वर्णभेदाविरुद्ध धरणं धरणं बेकायदाच होतं, म्हणजे बंदी नेमकी नागरी हक्कांच्या कामावर होती. त्यात महिनाअखेरीस सॅव्हिओसह काही नेत्यांना जुन्या, ऑक्टोबरच्या घटनेबद्दल नव्या नोटिसा निघाल्या. २ डिसेंबरचं धरणं त्या नोटिसांवर आहे. तिथे कोणाचं भाषण बंद पाडलं जात नव्हतं, प्रशासनाचं काम अडवलं जात होतं, आणि अडवणारे अटकेला तयार होते. दोन्ही नियमबाह्य असले तरी जात वेगळी आहे.

टिपणवही

सगळी चर्चा विद्यार्थी विरुद्ध विद्यार्थी अशी चालली आहे. बर्कलीचे सगळ्यात खोल घाव वरून आलेले आहेत.

१८६८ला स्थापन झालेल्या या विद्यापीठाला १८७९च्या राज्यघटनेत खास स्थान मिळालं : राजकीय आणि पंथीय प्रभावापासून पूर्णपणे स्वतंत्र. त्याच रीजंट्सनी मार्च १९४९मध्ये प्राध्यापकांवर साम्यवादविरोधी शपथ लादली. ऑगस्ट १९५०मध्ये सही न करणारे ३१ जण कामावरून गेले. त्यांच्यावर साम्यवादी असल्याचा आरोपही नव्हता, गुन्हा एवढाच की सही केली नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांच्या नावाने खटला चालला आणि १९५२मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. पण निकालाचा आधार विचारस्वातंत्र्य नव्हता. राज्याने सगळ्या सरकारी नोकरांसाठी आधीच शपथ ठरवली आहे, विद्यापीठाला वेगळी लादता येत नाही, एवढाच होता. इतिहासकार अर्न्स्ट कान्टोरोविच तोवर प्रिन्स्टनला गेले होते. अशी माणसं निकालाने परत येत नाहीत.

जानेवारी १९६७ : 'बर्कलीची घाण साफ करू' म्हणत निवडून आलेले रोनाल्ड रेगन राज्याचे गव्हर्नर झाले आणि तीन आठवड्यांत रीजंट्सनी अध्यक्ष क्लार्क कर यांना १४ विरुद्ध ८ मतांनी काढलं. विद्यार्थ्यांना कर कडक वाटले, राजकारण्यांना ढिले.

आणि २०२५. यहुदीद्वेषाच्या तक्रारींच्या चौकशीत विद्यापीठाने सुमारे १६० विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी यांची नावं केंद्र सरकारला दिली, तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांच्यासह. नाव दिलं गेल्याचं कळवलं, आरोप काय ते सांगितलं नाही. ३ वाजताच्या अटीवर कोर्टात जाता येतं. यादीत नाव गेल्यावर माणूस पुढच्या सभेला जाणं बंद करतो, आणि ते कुठल्याच नोंदीत दिसत नाही.

सनद

सरकारी चौकशीत कागद मागितले तर विद्यापीठ नकार कसा देणार? नकाराची किंमत संशोधन-निधी असू शकते, आणि तो गेला तर प्रयोगशाळा बंद पडतात.

टिपणवही

नकार देऊ नका. पण नावं झाकून कागद देता येतात का हे तपासायचं, झाकू देत नसतील तर कोर्टाकडून संरक्षण मागायचं, संबंधितांना आधी कळवायचं, आरोपाची प्रत द्यायची. हे क्रमाने करून मग हरलात तर समजू शकतो. १९४९मध्येही बहुतेकांचं म्हणणं हेच होतं की निधी वाचवायला एक सही काय मोठी.

उंबरठा

कलम एक, तुमच्या प्रतिसादानंतर माझी मागणी थोडी बदलतो. शुल्काचं पत्रक आधीच छापलेलं असेल आणि तुमच्या दुसऱ्या यादीतला एकही निकष त्यात नसेल, तर संयोजकांनी सभागृहाच्या आतला खर्च द्यावा. बाहेरच्या रस्त्यावरचा बंदोबस्त विद्यापीठाचा. सनद, यावर तुमची हरकत आहे का?

सनद

आतला-बाहेरचा हा भेद मान्य. पण वर्षाला एकूण मर्यादा हवी आणि तीही आधी छापलेली. मर्यादा संपली की पुढच्या अर्जाला पुढचं वर्ष, वक्ता कोणीही असो.

पायरी

मग वर्षाच्या सुरुवातीला एकच पैसेवाली संघटना तीन मोठे वक्ते बोलावून मर्यादा संपवेल, आणि वसंत सत्रातल्या लहान गटाला काहीच उरणार नाही.

सनद

संघटनेगणिक वेगळी मर्यादा ठेवली तर?

कलम एक

तर एकच गट पाच नावांनी नोंदणी करेल. नोंदणीला किमान सभासदसंख्या आणि एका विद्यार्थ्याची सही एकाच अर्जावर, अशी अट घालता येईल, ती आशयाशी संबंधित नाही. मात्र सभासद कोण याची यादी कार्यालयात जमा होईल, आणि टिपणवहींनी सांगितलेल्या १६० नावांनंतर ती यादी कोणाकडे, किती दिवस ठेवायची हे आधी ठरवावं लागेल.