लॅप (दुर्बिणीने) लिव्हर रिसेक्शननंतर (यकृताचा भाग काढल्यावर) दुखू नये म्हणून कुठला ब्लॉक (नसा बधिर करणारं इंजेक्शन) देता?

भूल_रेसिडेंट:
आमच्याकडे लिव्हरच्या केसेस आता बऱ्याच लॅपने होतायत. एपिड्युरल (पाठीच्या कण्यात ठेवलेला भुलीचा कॅथेटर) सहसा कोणी टाकत नाही, रिसेक्शननंतर आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) वाढतो आणि मग कॅथेटर काढायचा कधी हेच अडून बसतं. राहिले सबकॉस्टल टॅप (बरगड्यांखाली पोटाच्या भिंतीतला ब्लॉक), इरेक्टर स्पायनी (पाठीच्या स्नायूखालचा ब्लॉक), नाहीतर स्पायनल मॉर्फिन (मणक्यातल्या पाण्यात दिलेलं मॉर्फिन). प्रत्येक सीनियरचं मत वेगळं. तुम्ही काय करता?

सुई_आणि_प्रोब:
आधी सर्जनला विचार, तुकडा कुठून काढणार. सबकॉस्टल टॅप साधारण टी६ ते टी९ (छातीच्या सहाव्या ते नवव्या मणक्याच्या नसा) धरतो, म्हणजे वरच्या पोर्टना (दुर्बिणीच्या भोकांना) ठीक, पण चीरा फॅननस्टिल (ओटीपोटावर आडवा) असेल तर तिथे त्याचा काहीच उपयोग नाही, तिथे इलिओइंग्वायनल (जांघेजवळच्या नसेचा ब्लॉक) दे किंवा सर्जनला चीऱ्यातच औषध भरायला सांग. बाजूच्या पोर्टलाही टॅप कमी पडतो, म्हणून मी हल्ली एक्स्टर्नल ऑब्लिक इंटरकॉस्टल ब्लॉक देते, सहाव्या बरगडीवर, पेशंट उताणाच राहतो. इरेक्टर स्पायनी २०१६ मध्ये आला तेव्हा खूप आशा होती, पण औषध पुढे पॅराव्हर्टिब्रलपर्यंत (मणक्याशेजारच्या नसांपर्यंत) दरवेळी सारखं पोचत नाही आणि पेशंटला कुशीवर वळवायला लागतं ते वेगळंच.

जुना_भूलवाला:
डोस जपून रे. रोपिव्हाकेन (ब्लॉकमधलं बधिर करणारं औषध) लिव्हरमध्येच मोडतं आणि आपण लिव्हरच कापतोय. ५० किलोच्या पेशंटला ३ मिग्रॅ प्रति किलोने १५० मिग्रॅ ही कमाल झाली, तिथपर्यंत जाऊच नको, ०.२ टक्क्याचं दोन्ही बाजूंना २०-२० मिली म्हणजे ८० मिग्रॅ, मोठ्या रिसेक्शनला एवढं पुरे. इंट्रालिपिड (या औषधाची विषबाधा झाली तर द्यायचं) हाताशी हवंच. आणि पोटाच्या आतलं दुखणं भिंतीवरच्या ब्लॉकने जात नाही, तिथे स्पायनल मॉर्फिन खरंच चांगलं, फक्त खाज, उलट्या आणि २४ तास श्वासावर लक्ष ठेवणारा स्टाफ वॉर्डात आहे का ते बघ, नसेल तर देऊ नको.

भूल_रेसिडेंट:
थँक्यू मॅडम, सर. अजून एक, परवाचा पेशंट खोकला तरी पोट दुखत नाही म्हणत होता पण उजवा खांदा धरून बसलेला, ब्लॉक फेल समजायचा का?

सुई_आणि_प्रोब:
नाही, तो त्रास फ्रेनिक नर्व्हचा (श्वासपटलाची नस), मानेतल्या सी३ ते सी५ मधून येते, यातला कुठलाच ब्लॉक तिथे पोचत नाही. पोट फुगवायला भरलेल्या गॅसचं प्रेशर कमी ठेवायला आणि शेवटी गॅस नीट काढायला सर्जनच्या मागे लाग. पॅरासिटामॉल चालेल, पण किती लिव्हर उरलंय ते बघून डोस कमी कर.