बोहेमियन ऱ्हॅप्सडी : आत्म्याचा खटला की नुसता ऑपेराचा थाट?

कोमलगंधार

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणं १९७५ साली आलं आणि त्याच्या अर्थावरून अजून वाद चालू आहेत. ते लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या फ्रेडी मर्क्युरीने स्वतः अर्थ कधी सांगितला नाही. ऐका, विचार करा आणि तुमचं तुम्ही ठरवा, अशीच त्याची भूमिका होती. मी ठरवलंय ते मांडतो. हे भक्तिगीत नाही, पण त्याचा सांगाडा धार्मिक आहे.

क्रम बघा. एक पोरगा आईपाशी कबुली देतो की माझ्या हातून माणूस मेला. मग सगळ्यांचा निरोप घेतो आणि जन्मालाच आलो नसतो तर बरं झालं असतं, असं म्हणतो. बायबलमधला ईयोबही दुःखाच्या तळाशी हेच बोलतो. त्यानंतर विजांचा कडकडाट, आणि त्या कडकडाटात त्याच्या जिवावरून दोन गटांची ओढाताण. एक म्हणतो सोडा, दुसरा म्हणतो सोडणार नाही. शेवटी सैतानांचा सरदार बील्झेबबने माझ्यासाठी एक सैतान राखून ठेवलाय, हा आक्रोश. कबुली, पश्चात्ताप, मरण, निवाडा, नरक! हे सगळं याच क्रमाने आपोआप येऊन बसलं, हे मला पटत नाही.

मधला भाग हेडफोन लावून ऐका. आधी एकटा बारीक आवाज येतो, मी गरीब पोर, माझ्यावर कुणाची माया नाही. लगेच मागून अख्खा समूह त्याची रदबदली करतो, गरीब घरचं लेकरू आहे हो, याचा जीव वाचवा. मर्क्युरी आणि बँडमधले मे आणि टेलर या तिघांनीच आवाजावर आवाज चढवून हा समूह उभा केलाय, त्यात कित्येक दिवस घातलेत. एकाने विनवायचं आणि जमावाने ते उचलून धरायचं, ही चर्चमधल्या प्रार्थनेची पद्धत.

आणि हा माणूस वाढला कुठे? जन्म १९४६ चा, झांझिबारचा. घर पारशी, शहर मुसलमानांचं, शाळा आपल्या पाचगणीतली सेंट पीटर्स, म्हणजे अँग्लिकन बोर्डिंग. तीन धर्मांच्या प्रार्थना लहानपणीच कानावरून गेलेला रॉक गायक दुसरा कोण आहे?

रोखठोक_सातारकर

तुमचं हे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. त्याच भागातले बाकीचे शब्द का गाळले? स्कारामूश हे इटालियन प्रहसनातलं पात्र, फँडँगो हा स्पॅनिश नाच, फिगारो ऑपेरातला न्हावी, गॅलिलिओ शास्त्रज्ञ. यातले बिस्मिल्ला, म्हणजे अल्लाच्या नावाने, आणि बील्झेबब तेवढे वेचले की गाणं धार्मिक, फिगारो वेचला की गाणं न्हाव्याचं! केनी एव्हरेट हा रेडिओवाला त्याचा मित्र. त्याने सांगून ठेवलंय की फ्रेडीच्या मते हे शब्द म्हणजे यमक जुळवलेली असंबद्ध बडबड होती.

आणि खून, आई, नरक यांसाठी चर्चमध्ये जायची गरजच नाही. अल्बमचं नावच 'ए नाईट अ‍ॅट द ऑपेरा' आहे. मोझार्टच्या 'डॉन जिओव्हानी' या ऑपेरात सुरुवातीला खून होतो आणि शेवटी नायकाला नरकात ओढून नेतात, तिथेही समूहगान. साचा तिथला आहे.

मला या प्रतीकशोधाची चीड आहे, कारण त्याचा शेवट कुठे होतो ते आपण पाहिलंय. १९८२ साली कॅलिफोर्नियात विधिमंडळाच्या समितीसमोर लेड झेपेलिन या बँडचं 'स्टेअरवे टू हेवन' हे गाणं उलटं वाजवून त्यात सैतानाचा संदेश शोधला गेला. एकदा शोधायचंच ठरवलं की सापडतंच.

कोमलगंधार

उलटी टेप आणि सरळ ऐकू येणारं गाणं यांना एका तागडीत घालू नका. बील्झेबब मी शोधून काढलेला नाही, तो गळा फाडून गायलाय.

'डॉन जिओव्हानी'चा मुद्दा मात्र वजनदार आहे. पण फरक बघा. जिओव्हानीला शेवटच्या क्षणापर्यंत पश्चात्ताप कर म्हणून बजावतात आणि तो ठाम नकार देतो, म्हणून नरकात जातो. इथे पोरगा पहिल्याच कडव्यात कबुली देऊन मोकळा होतो आणि तरीही त्याला सोडत नाहीत. भीती आहे ती इथे. आणि 'जीझस' नावाचं अख्खं गाणं याच माणसाने १९७३ च्या पहिल्या अल्बमात दिलंय, तेव्हा हा विषय त्याला परका होता असं म्हणता येणार नाही.

ओवीबद्ध

मी दोघांच्या मधली. प्रतीक कशाला म्हणायचं याचा निकष आपल्याकडे आहे. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो, पण तो कामक्रोधाचा विंचू आहे हे नाथ तिथल्या तिथे सांगतात. पुढे तमोगुण मागे सारा, सत्त्वगुणाचा अंगारा लावा, असा उताराही देतात. कवीनेच किल्ली हातात दिली की ते रूपक. इथे किल्ली नाही. म्हणून मी याला धार्मिक वातावरण म्हणेन, धार्मिक अर्थ म्हणणार नाही.

रोखठोक_सातारकर

ओवीबद्ध, अगदी बरोबर. किल्ली नसली की लोक आपापली किल्ली बनवतात, त्याचा पुरावाच देतो. २००४ साली इराणमध्ये क्वीनची गाणी अधिकृतपणे विकायला परवानगी मिळाली, तेव्हा कॅसेटसोबत अर्थाचं पत्रक होतं. त्यानुसार या तरुणाने आत्मा सैतानाला विकलेला असतो आणि फाशीच्या आदल्या रात्री तो बिस्मिल्ला म्हणून देवाला हाक मारतो, तेव्हा आत्मा परत मिळतो.

छान गोष्ट आहे. पण गाणं ऐका. बिस्मिल्ला म्हणतो कोण? पोरगा नाही. सोडणार नाही म्हणणारा गट म्हणतो! देवाचं नाव त्याला डांबून ठेवणाऱ्यांच्या तोंडी आहे. तुमचा सगळा निवाडा इथे उलटा पडतो.

कोमलगंधार

उलटा कुठे पडतो? उलट पक्का होतो. त्याला धरून ठेवणारे सैतानच आहेत हे तुम्ही गृहीत धरलंत. ते न्यायाधीश असले तर? देवाचं नाव घेऊन काम सुरू करतात आणि खुन्याला सोडत नाहीत. पत्रक लिहिणाऱ्याला माफी हवी होती म्हणून त्याने ते नाव पोराच्या तोंडी घातलं. गाण्यात माफी नाही.

आतशबेहराम

सगळे बायबल आणि कुराण घेऊन बसलेत, ज्या धर्मात त्याची नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा, झाली आणि ज्याच्या धर्मगुरूंनी १९९१ मध्ये त्याचे अंत्यविधी केले, त्याचं नाव कुणी घेत नाही. झरतुष्ट्री, म्हणजे पारशी धर्माच्या, समजुतीप्रमाणे मेल्यानंतर तीन रात्री आत्मा देहापाशीच घुटमळतो. चौथ्या पहाटे चिन्वत पुलावर मिथ्र, स्रओष आणि रश्नू यांच्यापुढे त्याचा निवाडा होतो, रश्नूच्या हातात तराजू. पुण्यवानाला पूल रुंद होतो, पाप्याला सुरीच्या पात्याएवढा. कोमलगंधार म्हणतात तसे देवाच्या बाजूचे न्यायाधीश हवे असतील तर ते इथे आहेत.

पण मग शेवटाचं काय करणार? पोरगा शेवटी म्हणतो, काही म्हणजे काहीच महत्त्वाचं नाही, वारा वाहायचा तसा वाहू दे. आमच्या शेजारच्या पारशी काकांनी मला लहानपणी शिकवलं ते याच्या नेमकं विरुद्ध. सुविचार, सुवचन, सुकृत. प्रत्येक विचार मोजला जातो, बारीकसारीक कृतीचीही नोंद राहते. ज्या धर्मात सगळंच महत्त्वाचं, त्यात वाढलेला माणूस गाण्याच्या टोकाला असं म्हणतो. मला हा धर्माचा पुरावा वाटत नाही, धर्माशी काडीमोड वाटतो.

रोखठोक_सातारकर

हे पटलं. धार्मिक सांगाडा मानला तरी तो मोडण्यासाठीच उभा केलाय.

कोमलगंधार

मोडायला का होईना, उभा केलाय ना? मग तो न ओळखता हे गाणं कळणार कसं? नुसती यमकाची बडबड असती तर त्या शेवटच्या ओळीला काही वजनच राहिलं नसतं. आधी तराजू आहे, म्हणूनच ती ओळ लागते. आतशबेहराम, काडीमोड म्हणालात, पण तोही लग्न झालेल्यांचाच होतो. आणि ती ओळ दोनदा बारकाईने ऐका. गाण्याच्या सुरुवातीला तीच बेफिकिरी हलक्या आवाजात येते. खून, कबुली, ओढाताण सगळं होऊन परत येते तेव्हा आवाज थकलेला आहे. हा सुटलेल्या माणसाचा आवाज आहे असं तुम्हाला खरंच वाटतं?

आतशबेहराम

सुटलेला नाही, हे मान्य. पण शरण गेलेलाही नाही.