वादळात बोटीचा वेग एकदम २ नॉटवर आला, ट्रॅकरवरून नेमकं काय समजायचं?

किनाऱ्यावरून:
न्यूझीलंडच्या लिटलटनहून केप हॉर्नकडे (दक्षिण अमेरिकेचं दक्षिण टोक) निघालेल्या एका ५६ फुटी शिडाच्या बोटीचा ट्रॅकर बघतोय. बोट आत्ता साधारण ५२ दक्षिण, १२५ पश्चिम इथे आहे. काल दुपारपर्यंत ८-९ नॉटनी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) सरळ पूर्वेला चालली होती. मध्यरात्रीनंतर वेग २ नॉट, आणि रोख ईशान्येला. विंडी या हवामानाच्या साइटवर तिथे ४५ नॉट नैर्ऋत्य वारा आणि ७ मीटर लाटा दिसतायत. एवढ्या वाऱ्यात वेग वाढायला हवा ना? डोलकाठी गेली असेल का? मधला एक रिपोर्ट तर आलाच नाही.

तिसरा रीफ:
वेग पडला तो बहुधा मुद्दाम पाडलाय. ४५ नॉटमध्ये बोट पळवत ठेवली तर ती लाटेच्या उतारावरून घसरत १५ नॉटच्या पुढे जाते, नाळ (बोटीचं पुढचं टोक) पुढच्या लाटेत घुसते किंवा बोट लाटेला आडवी फिरते. बोटीच्या लांबीच्या साधारण ३० टक्के उंचीची फुटती लाट आडव्या बोटीवर बसली तर ती उलटू शकते. ५६ फुटी, म्हणजे १७ मीटरच्या बोटीला ५ मीटरची लाट पुरते. म्हणून सगळा आटापिटा बोट आडवी होऊ न देण्याचा.

ट्रॅकरवरचा वेग कधी त्या क्षणाचा असतो, कधी सरासरी, तेव्हा स्वतःच काढा. अक्षांशाचा १ मिनिट म्हणजे १ सागरी मैल. रेखांशाचा १ मिनिट ५२ अंशांवर सुमारे ०.६२ मैल. समजा ४ तासांत बोट ६ मिनिटं उत्तरेला आणि १० मिनिटं पूर्वेला सरकली. म्हणजे उत्तरेला ६ मैल, पूर्वेला ६.२ मैल, तिरकं अंतर ८.६ मैल. वेग २.१ नॉट, दिशा बरोबर ईशान्य.

आता ही दिशा वाऱ्याशी ताडून बघा. वारा नैर्ऋत्येकडून येतोय, बोट वाऱ्याच्या पुढे नाकासमोर २-३ नॉटनी जातेय. हे मागे ड्रोग, म्हणजे वेग रोखायला दोरावर ओढत न्यायचे कापडी शंकू, सोडल्याचं लक्षण. सगळी शिडं उतरवून नुसत्या उघड्या डोलकाठीवर पळत असती तर वेग ५-६ नॉट दिसला असता. हीव्ह-टू करून (शिडं आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध लावून) थांबली असती तर १-२ नॉटनी थोडी तिरकी वाहत गेली असती. हा शेवटचा फरक मात्र ट्रॅकरवर पुसटच असतो, त्यावर पैज लावू नका.

समदाब:
वरच्याशी सहमत, पण मला त्या ४५ नॉटपेक्षा वारा कधी फिरला याची जास्त काळजी आहे. दक्षिण गोलार्धात कमी दाबाभोवती वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. केंद्र बोटीच्या दक्षिणेकडून पूर्वेला सरकतं. आधी उबदार, दमट वायव्य वारा, बॅरोमीटर उतरता. मग फ्रंट (उबदार आणि थंड हवेची सीमा) जातो आणि वारा नैर्ऋत्येला उडी मारतो, हवा थंड, सोसाट्याचे झोत. वायव्येची जुनी लाट मात्र तशीच येत राहते. दोन दिशांच्या लाटा एकमेकींवर चढतात तेव्हा तिकोनी, अचानक फुटणाऱ्या लाटा उठतात. हा सगळ्यात वाईट काळ, आणि तेव्हा वारा थोडा उतरलेलाही असू शकतो. विंडीवर वाऱ्याच्या लाटा आणि स्वेल (दुरून आलेल्या जुन्या लाटा) वेगवेगळे लावून दोघांच्या दिशेतला कोन बघा.

७ मीटर हा आकडा सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांच्या सरासरीचा. हजारात एखादी लाट जवळपास दुप्पट, म्हणजे १३ मीटर. उंचीसोबत कालावधीही बघा: १४ सेकंदांची ७ मीटर लाट ८ सेकंदांच्या ५ मीटर लाटेपेक्षा सुसह्य असते.

नकाशातला वारा समुद्रापासून १० मीटर उंचीवरचा आणि सरासरी असतो. झोत ३०-४० टक्के जास्त धरा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, ३० चे ४५ नॉट झाले की दाब सव्वादोनपट. जीएफएस या अमेरिकन हवामान मॉडेलचं गणित दिवसातून चार वेळा होतं. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ०० म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, पण निकाल हाती यायला काही तास जातात. ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपीय मॉडेलशी ताडून बघा. दोन्ही मॉडेल केंद्राच्या जागेवर भांडत असतील तर अचूक वेळेवर विसंबू नका.

किनाऱ्यावरून:
काल दुपारी वारा वायव्येकडूनच होता, जुळतंय. पण ड्रोग सोडल्यावर बिघडतं काय? आणि खरंच संकट असेल तर ट्रॅकरवर कसं दिसेल?

सुकाणू:
सीरीज ड्रोग म्हणजे शंभरेक मीटर दोरावर ओळीने शिवलेले कापडी शंकू, २० टनांच्या बोटीला १५०च्या आसपास, टोकाला १५-२० किलोची साखळी. ओढ बोटीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त जाऊ शकते, त्यामुळे डेकवरचे साधे क्लीट (दोर बांधायचे खुंट) उपटतात. हुलला (बोटीच्या मुख्य सांगाड्याला) बोल्टने जोडलेल्या पट्ट्याच लागतात. दुसरा शत्रू घासणं. दोर कडेला घासला की एका रात्रीत तुटतो. शिवाय लाट मागून कॉकपिटमध्ये येते, म्हणून केबिनच्या दारातल्या फळ्या अडकवून ठेवाव्या लागतात.

सुकाणूही धोक्यात असतं. भारतीय नौदलाची तारिणी ही शिडाची बोट २०१८ मध्ये केप टाउनहून गोव्याला येताना स्टीअरिंगच्या बिघाडामुळे मॉरिशसला पोर्ट लुईला थांबली होती. केप हॉर्न तोवर केव्हाच मागे पडलं होतं.

संकटाची खूण: वारा २५ नॉटपर्यंत उतरून बारा-पंधरा तास झाले तरी बोट १-२ नॉटनी वाऱ्याबरोबर वाहतेय. २१ सप्टेंबर २०१८ ला भारतीय नौदलाचे एकट्याने शिडाची बोट चालवणारे अभिलाष टॉमी यांच्या थुरिया या बोटीच्या डोलकाठ्या हिंदी महासागरात मोडल्या. पाठीला दुखापत होऊन ते बंकवर पडून होते, २४ तारखेला ओसिरिस या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. त्यांनी संदेश पाठवला होता म्हणून सगळं कळलं. नुसती ट्रॅकरवरची रेघ बघून दुखापत कळली नसती.

एखादा रिपोर्ट न येणं किरकोळ आहे, अँटेनावर पाणी बसतं, बोट कलते, बॅटरी वाचवायची असते. १३१ पश्चिमेच्या पूर्वेला शोध-बचाव चिलीकडे आहे, पश्चिमेला न्यूझीलंडकडे. ईपर्ब (उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारं यंत्र) वाजला तर त्यांना आपल्याआधी कळतं, तेव्हा घरून फोन करत बसू नका.

ड्रोग परत ओढायला विंचवर (दोर गुंडाळायच्या चरखीवर) एक-दोन तास सहज जातात, म्हणून झोत ३० नॉटच्या आत आल्याशिवाय कोणी हात लावत नाही. त्यानंतर वेग आधी ४-५, मग ७ नॉट व्हायला हवा आणि रोख पुन्हा पूर्वेकडे.