गल्ल्यावर पैसे देताना तेवढा वेळ फोन खाली ठेवायला काय जातं?

कृष्णाकाठ

‘मी सामान घ्यायला जातो, नाती जोडायला नाही’ ही पोस्ट परवापासून सगळीकडे फिरतेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश. बिल होईपर्यंत मी फोनवर बोललो तर कॅशियरचं काय बिघडतं? नोट हातात दिली काय किंवा काउंटरवर टाकली काय, पैसे पोचल्याशी मतलब. ‘सुट्टे आहेत का’ असं मला विचारायचंच नाही, सुट्टे ठेवणं दुकानाचं काम. आणि शेवटी, गोड बोलायचा पगार त्यांना मिळतो, मला नाही. खाली कितीतरी जणांनी ‘अगदी मनातलं’ म्हणून पाठ थोपटलीय. ते वाचून आलेला राग अजून उतरला नाही, म्हणून हा धागा.

मी लग्नाआधी पुण्यात एका मोठ्या दुकानात कॅश काउंटरला होते. ड्युटी सुरू होताना ड्रॉवरमध्ये सुट्टे मोजून देतात आणि सही घेतात. ड्युटी संपली की टॅली. रोकड कमी भरली तर ती आमच्या पगारातून जायची, जास्त भरली तर दुकानाच्या खात्यात. गल्ल्यावरची प्रत्येक सवय या टॅलीतून आलेली आहे. तुम्ही पाचशेची नोट दिलीत की ती लगेच आत टाकायची नाही. वर, तुम्हाला दिसेल अशी ठेवायची, तोंडाने ‘पाचशे’ म्हणायचं, सुट्टे मोजून तुमच्या हातात दिले की मगच नोट आत. फोनवर असलेला माणूस ते ‘पाचशे’ ऐकत नाही. दोनशे देतो, सुट्टे न मोजता खिशात कोंबतो आणि दारापर्यंत जाऊन परत येतो, ‘मी पाचशे दिले होते’. मग सुपरवायझर येणार, काउंटर बंद, सगळ्यांसमोर ड्रॉवर मोजायचा आणि मागची रांग आमच्याच नावाने ओरडणार.

पिशवीचंही तेच. पिशवीचे पैसे बिलात धरायचे असतात, म्हणून बिल काढायच्या आधी विचारावं लागतं. फोनवरचा माणूस मान हलवतो. ती आम्हाला की पलीकडच्याला, कळत नाही. बिल निघालं की ‘अहो, पिशवी कुठाय?’ दुसरं बिल करायचं तर त्यालाही वेळ जातो आणि शिव्या पुन्हा आम्हालाच.

मला कुणाचं हसू नको होतं, ‘थँक यू’ही नको होतं. तेवढा वेळ फोन खाली ठेवा, नोट हातात द्या, किती दिलेत ते बोला. चूक झाली तर तिचे पैसे समोरच्याच्या खिशातून जातात, तुमच्या नाही. एवढंच कारण मला पुरेसं वाटतं.

ठाण्याचा बाळ

मूळ पोस्टशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तुम्ही सांगितलेला अन्याय मालकाने केलाय आणि शिक्षा ग्राहकाला देताय. टॅली कमी आली म्हणून पगार कापणं ही दुकानाची दादागिरी. १९३६ च्या वेतन कायद्यातसुद्धा अशी कपात फक्त कामगाराच्या हयगयीमुळे पैसे गेले असतील तरच करता येत होती, तीही त्याला बाजू मांडायची संधी दिल्यावर. सरसकट कापणं तेव्हाही बेकायदाच होतं. त्याविरुद्ध लिहा, मी पहिली सही करतो. पण मालकाशी भांडायची हिंमत नाही म्हणून ग्राहकाला शिस्त लावायची, हे मला पटत नाही.

कृष्णाकाठ

हिंमत? घरी दोन बहिणी शिकत होत्या आणि माझ्या पगारावर घराचं भाडं जायचं. कायदा तुम्हाला आज घरी बसून माहीत आहे. मला तेव्हा तो कुणी सांगितला नव्हता, आणि सांगितला असता तरी दुसऱ्या दिवशी काउंटरवर दुसरी मुलगी उभी असती.

मिरजेचे मेडिकलवाले

ताईंशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे तर पैशांच्या पुढची गोष्ट असते. गोळी जेवणाआधी की नंतर, कुठली सकाळची, कुठली फक्त रात्री, हे आम्ही पैसे घेताना सांगतो. गिऱ्हाईक फोनवर ‘हो, हो’ करत निघून जातं आणि रात्री दुकान बंद केल्यावर फोन येतो, ‘ती पिवळी गोळी कधी द्यायची?’ रक्तदाबाची गोळी दोनदा घेतलेले पेशंट मी पाहिलेत. म्हणून आता नियम केलाय, फोन चालू असेल तर औषध हातात देत नाही. चार गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत.

पण सुट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. सकाळी शटर उघडतोय तोवर बारा रुपयांच्या स्ट्रिपला पाचशेची नोट. दुकान एटीएम आहे का? अख्खा दिवस हेच.

चिंचपोकळी

आता दुसरी बाजू ऐका, काका. तुमच्यासारखीच दुकानं दोन-तीन रुपये परत द्यायची वेळ आली की हातावर चॉकलेट ठेवतात. मला मधुमेह आहे. मी चॉकलेटं साठवली आणि एकदा त्याच दुकानात बिलात वळती करायला नेली, तर ‘असं चालत नाही’. तुमच्याकडून मला चालतं आणि माझ्याकडून तुम्हाला चालत नाही, हा कुठला शिष्टाचार?

मिरजेचे मेडिकलवाले

मी चॉकलेट देत नाही. खात्यात लिहून ठेवतो.

उसाचा फड

चॉकलेट परवडलं, दहाच्या नाण्याचं बोला! आमच्या तालुक्यात दहाचं नाणं दिलं की दुकानदार ते परत सरकवतो, ‘चालत नाही’. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की दहाच्या नाण्याची तेव्हापर्यंतची चौदाही डिझाइनं वैध आहेत, ₹ चिन्ह असलेली आणि नसलेलीसुद्धा. तरी ‘यावर दहा रेघा नाहीत, हे खोटं’ म्हणणारे शहाणे गल्ल्यावर बसलेत. माझ्या वडिलांना बाजारच्या दिवशी चारचौघांत ‘खोटं नाणं खपवायला आलात का’ म्हणाले. सत्तरीचा माणूस, आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही. ते तसेच घरी आले, त्या दुकानात पुन्हा गेले नाहीत. ताई, गल्ल्याच्या तुमच्या बाजूचा माज कोण लिहिणार?

मिरजेचे मेडिकलवाले

माज नाही हो, बँक घेत नाही म्हणून. नाणी घेऊन गेलो की ‘मोजायला माणूस नाही’, ‘शंभर-शंभरच्या पिशव्या करून आणा’, पिशव्या करून नेल्या तर ‘पुढच्या आठवड्यात या’. माझ्या कपाटात नाण्यांचे डबे पडून आहेत.

नाणेघाट

बँकेने नाणी घ्यायलाच हवीत, रिझर्व्ह बँकेने हे वारंवार कळवलंय. शाखेकडे लेखी तक्रार करा, उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. आणि उसाचा फड, २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला कायदेशीर चलन आहेत. पन्नास पैसे दहा रुपयांपर्यंत. म्हणजे वडिलांचं नाणं पूर्ण वैध होतं. पण कुणी दहा हजारांचा फ्रिज नाण्यांनी घ्यायला आला तर दुकानदार नाही म्हणू शकतो.

उसाचा फड

फ्रिज कोण घेतोय नाण्यांनी? पावशेर शेंगदाणे होते.

डोंबिवली फास्ट लोकल

आजच्या काळातही तुम्ही नाणी मोजताय. यूपीआय करा, विषय संपला. ना सुट्टे, ना टॅली, ना हातात द्यायचं की टाकायचं.

कृष्णाकाठ

संपला नाही, नवीन सुरू झाला. आमच्या घरचं किराणा दुकान आहे, आता मी तिथे बसते. माणूस दारातूनच मोबाइलचा स्क्रीन लांबून दाखवतो आणि चालू पडतो. हिरवी टिक दिसली म्हणजे पैसे आले असं नाही, तसला खोटा स्क्रीन दाखवणारी ॲपंच निघालीत. म्हणून ‘थांबा, आवाज येऊ दे’ म्हणावं लागतं, आणि थांबवलं की ‘मी चोर दिसतो का’ म्हणून भांडण. पैसे खात्यातून गेले आणि दुकानात आले नाहीत तर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत असा नियम आहे. तोवर आम्ही ओळखीच्या माणसाला माल देतोच. पण आवाज येईपर्यंत उभं राहण्यात कुणाचा अपमान होतो ते मला खरंच समजत नाही.

मुलुंड चेक नाका

आधी मुंबईतल्या मॉलमध्ये मराठीत बोलायला लावा त्या कॅशियरना, मग शिष्टाचाराचं बघू.

कृष्णाकाठ

त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन. इथे नको.

ठाण्याचा बाळ

तुमचा मूळ मुद्दा नाण्यांत वाहून गेला, म्हणून आठवण करतो. नोट काउंटरवर ठेवली तर अपमान कसा? काउंटर त्यासाठीच असतो. हातात द्या, डाव्या हाताने देऊ नका, हे सगळे आपले जुने मनाचे खेळ आहेत.

टोक्योकर

इथे जपानमध्ये गल्ल्यावर छोटा ट्रे असतो. पैसे त्यात ठेवायचे, परतीचे पैसेही बऱ्याचदा त्यातूनच मिळतात. हातात दिले तर उलट समोरचा गोंधळतो. कुणालाही त्यात अपमान वाटत नाही. त्यामुळे बाळ यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

निळी शाई

मी इथे सहसा लिहीत नाही, पण ‘मनाचे खेळ’ वाचून राहवलं नाही. माझ्या आजीला गावच्या दुकानात पायरीवर चढू देत नसत. ती खाली उभी राहून पदर पसरायची, दुकानदार वरून मीठ-मिरची टाकायचा. तिची नाणी जमिनीवर ठेवायला लावायचा, त्यावर पाणी शिंपडून मग उचलायचा. हे तिने मला स्वतः सांगितलंय. आज माझी बहीण नाशिकला एका दुकानात काउंटरला आहे. तिने हात पुढे केलेला असताना कुणी तिच्या हाताला वळसा घालून नोट बाजूला टाकतं, तेव्हा त्या माणसाच्या मनात काय आहे ते तिला माहीत नसतं, कदाचित काहीच नसेल. पण तिच्या घरात ही गोष्ट सांगितली गेलेली आहे. टोक्योतला ट्रे सगळ्यांना सारखा आहे. आजीसाठी वेगळा नियम होता. पुढे केलेला हात टाळणं आणि ट्रेमध्ये पैसे ठेवणं, या दोन गोष्टी एका वाक्यात आणू नका.

टोक्योकर

मान्य. पुढे केलेल्या हाताचा विचार मी केला नव्हता.

ठाण्याचा बाळ

मी कुणाची जात बघून नोट टाकत नाही. प्रत्येक गोष्टीत ते आणायचं असेल तर चर्चाच नको.

निळी शाई

तुम्ही बघता असं मी कुठेही म्हटलेलं नाही, पुन्हा वाचा. घेणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो, एवढंच म्हटलंय. हात पुढे आला तर हातात द्या. यात तुमचं काय जातं ते सांगा.

अंधेरीची आई

फोनबद्दल थोडं माझं ऐका. सासूबाई महिनाभर आयसीयूत होत्या तेव्हा मी दूध घेतानाही फोन कानाला धरून होते, डॉक्टर कधी बोलतील सांगता येत नव्हतं. मागच्या बाईंनी ‘कसली माणसं असतात’ असं मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हटलं. नियम सांगताना एवढं ध्यानात असू द्या.

कृष्णाकाठ

तुम्ही ‘हॉस्पिटलचा फोन आहे’ असं नुसतं खुणेने सांगितलं असतंत तरी आमच्यातल्या कुणीही तुमच्या पिशवीत सामान भरून दिलं असतं. राग येतो तो आम्ही तिथे नाहीच असं वागणाऱ्यांचा.

बिल नको फक्त सामान

ग्राहकाचा मोबाइल नंबर मागणं बंद करा, मग आम्हीही सौजन्य दाखवू. एक साबणाची वडी घेतली तरी नंबर. नाही दिला तर ‘सिस्टीम पुढे जात नाही’. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच सांगितलंय की नंबरसाठी अडवणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. तरी चालूच.

कृष्णाकाठ

हे तुमचं बरोबर आहे, आणि नंबर मागणाऱ्या मुलीलाही ते नको असतं. किती नंबर घेतले याचा हिशोब तिच्या नावावर लागतो. नाही द्यायचा तर ‘नाही’ म्हणा, दहा शून्य दाबून पुढे जाते ती. फक्त तिच्यावर ओरडू नका, तो नियम तिने केलेला नाही.

श्टुटगार्टची मावशी

इथे जर्मनीत सगळे कॅशियर खुर्चीत बसून काम करतात. भराभर सामान ढकलतात, आपणच पिशवी भरायची, उशीर केला तर आपल्याकडेच बघतात. कुणी गोड बोलत नाही आणि कुणाचं अडतही नाही. आपल्याकडे मुली दिवसभर उभ्या असतात, ते आधी बदला. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं. पाय दुखत असलेल्या माणसाकडून कसलं हसू मागता?

ठाण्याचा बाळ

हे मी पहिल्या प्रतिसादापासून सांगतोय, मालकाला धरा. बाकी, फोनचं सोडून देतो. बिल होईपर्यंत फोन बाजूला ठेवता येतो, ठीक आहे. हात पुढे असेल तर हातात द्यावं, हेही ठीक. पण ‘सुट्टे द्या’ म्हणून मला रांगेत तिष्ठत ठेवलं तर मी भांडणार, कारण गल्ला तुमचा आहे. तिथे मी हलणार नाही.

मिरजेचे मेडिकलवाले

हलू नका. पण बारा रुपयांना पाचशे घेऊन सकाळी आठला येऊही नका. आणि चार गोळ्या कापून मागताना तारखेची बाजू तुम्हाला हवी म्हणून वाद घालू नका, ती तारीख मला उरलेल्या पट्टीवर ठेवावी लागते.

कृष्णाकाठ

बाळ, पगार कापण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते जरा नीट सांगा. माझी एक मैत्रीण अजून त्याच कामावर आहे आणि मागच्या महिन्यात तिचे पैसे कापले गेलेत, विचारपूस काही न करता. तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्यायची का, आणि टॅलीच्या कागदाची प्रत तिच्याकडे नसेल तर चालेल का?

ठाण्याचा बाळ

तिथेच द्यायची, लेखी, आणि पोच घ्यायची. प्रत नसेल तर पगाराची पावती आणि बँकेच्या खात्यावर जमा झालेली रक्कम जोडा, फरक तिथेच दिसतो. तिला म्हणावं, आजपासून प्रत्येक टॅलीचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. अर्जाचा मसुदा मी लिहून देतो, संध्याकाळी व्यक्तिगत निरोप बघा.