दाढ काढायची तारीख लांब असेल तर

दादा, तुमच्या आईंची दाढ पुन्हा सुजलीय, काढायची तारीख पुढच्या आठवड्यातली, आणि तोवर मेडिकलवाल्याकडून आधीचंच अँटिबायोटिक आणताय असं लिहिलंत. ते मनानं आणणं आधी थांबवा. दाढेतली नस मेली की तिथं रक्त पोचत नाही, मग गोळीचं औषध तरी कुठून पोचणार? भोवतालची सूज उतरते, मुळाशी घाण तशीच राहते. म्हणूनच कोर्स संपला की परत ठणका. डेंटिस्टला फोन करून "पुन्हा सुजलंय" एवढं सांगा. कधी पू काढून देतात, कधी तारीख अलीकडं घेतात.

आमच्या परभणीकडं दाढेत मिश्री नाहीतर तंबाखूची चिमूट दाबणारे अजून आहेत. कुणी ॲस्पिरिनची गोळीच हिरडीला लावून ठेवतं; तिथली कातडी भाजून पांढरी पडते, ठणका राहतो तो राहतोच. बाहेरून शेकूही नका. कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा, झोपताना एक उशी जास्त, आणि भाकरी दुधात कुस्करून दुसऱ्या बाजूनं.

शुगर तपासून घ्या, वाढलेली असली की संसर्ग आवरत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, परस्पर बंद करू नका.

सूज डोळ्याकडं किंवा गळ्याकडं सरकली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, तर तारीख-बिरीख विसरा. संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे खरं, पण अशा वेळी तेवढं लांब न जाता त्याच रात्री जवळचं जिल्हा रुग्णालय गाठा.